वाचक विचारतात : बाळाला घरात नक्की काय लागतं?

या महिन्यात पत्रं आणि मेल बरेच आलेत आणि त्यातले बहुतेक सहा वर्षांच्या आतल्या मुलांबद्दलचे आहेत. कुठला क्लास लावू, कुठली खेळणी मागवू असं विचारणारे मेल या वेळी बाजूला ठेवलेत. उरलेल्यांमध्ये बाळाला सांभाळणाऱ्या माणसांबद्दलचे प्रश्न आहेत आणि माझ्या मते वाढीचा खरा मुद्दा तिथेच असतो, म्हणून त्यांनाच जास्त जागा दिलीये. नावं कुणाचीच दिलेली नाहीत.

प्रश्न : ताई, माझी मुलगी सहा महिन्यांची होतेय, २६ आठवड्यांची रजा संपत आली. मी हिंजवडीला आयटीत आहे. सासूबाई नाहीत, आई गावी बाबांच्या आजारपणात अडकलीये. घराजवळ एक पाळणाघर बघितलंय, सकाळी साडेआठ ते संध्याकाळी सात ती तिथे असेल. मला रात्र रात्र झोप नाही. ती मला विसरेल का? तिथल्या मावशीच तिला जास्त आवडायला लागल्या तर? नोकरी सोडायचं पण डोक्यात येतं पण होमलोन आहे. — एक आई, पुणे

उत्तर : अगं, ती तुला विसरणार नाही, हे आधी मनात पक्कं कर. १९६४ साली शाफर आणि इमर्सन या दोघा संशोधकांचा ग्लासगोमधल्या ६० बाळांचा अभ्यास छापून आला. बाळं घरोघरी जाऊन बघितली होती, त्यांच्या आयांशी बोलून. त्यात दिसलं की दीड वर्षापर्यंत बहुतेक बाळांना एकापेक्षा जास्त माणसांचा लळा लागलेला असतो, आई, बाबा, आजी, शेजारची कुणी. आणि सगळ्यात जास्त लळा जो दिवसभर जवळ असतो त्याचाच लागतो असंही नाही, जो बाळाच्या खुणा ओळखून त्याला उत्तर देतो त्याचा लागतो. म्हणजे मावशी आवडायला लागल्या तर ती चांगलीच बातमी आहे. त्यांच्याकडे गेलेली माया तुझ्यातून वजा होत नाही. उलट दिवसाचे दहा तास जिच्याकडे काढायचे ती बाई आवडत नसेल तर मात्र काळजी करायची.

अमेरिकेत १९९१ पासून १३०० हून जास्त मुलांचा एक मोठा अभ्यास वर्षानुवर्षं चालला, तिथेही निष्कर्ष असाच आहे की नुसतं पाळणाघरात ठेवल्याने आईशी असलेलं नातं बिघडत नाही, आई बाळाशी कशी वागते त्यावर ते जास्त ठरतं. पण पाळणाघर सुमार असेल आणि घरीही बाळाकडे लक्ष नसेल तर दोन्हीकडून मार बसतो, हेही त्यात आलंय, आणि ते मी तुझ्यापासून लपवणार नाही.

म्हणून आता पाळणाघर नीट बघ. रंगवलेल्या भिंती, सीसीटीव्ही, एसी हे सगळं असू दे, पण एक दिवस तिथे दोन तास नुसती बसून बघ की मावशी बाळाचं नाक कसं पुसतात. खरंच सांगते. काही ठिकाणी मागून हात येतो, डोकं धरलं जातं, नाक खसकन पुसलं जातं आणि बाळाला कळायच्या आत बाई पुढच्या बाळाकडे गेलेली असते. आणि काही ठिकाणी मावशी समोर बसतात, रुमाल दाखवतात, "नाक पुसूया हं सोनू, आलं बघ आलं, झालं!" म्हणतात, बाळ तोंड फिरवतं, त्या एक क्षण थांबतात, परत विचारतात. काम तेच आणि वेळ फार तर अर्धा मिनिट जास्त. पण दुसऱ्या ठिकाणी बाळाला कळतं की आपल्याशी काय होणार आहे ते आपल्याला सांगितलं जातं आणि आपण नको म्हटलं तर समोरचं माणूस ऐकतं. दिवसात अशा किती वेळा येतात बघ, लंगोट बदलणं, दूध, घास, झोपवणं, उठवणं. बाळाचं शिक्षण ते हेच, वेगळं काही नसतं.

मग विचारायचं की माझ्या मुलीला रोज एकच मावशी बघणार का, की जी मोकळी असेल ती? माणसं दर दोन महिन्यांनी बदलतात का? एका मावशीकडे किती बाळं? वर्षाच्या आतली तीन असतील तर ठीक, सहा-सात असतील तर ती बाई कितीही प्रेमळ असली तरी तिला दोनच हात आहेत. पहिला आठवडा तू सोबत जा, आधी तासभर, मग दोन तास, असं वाढवत ने. आणि निघताना गुपचूप सटकू नको, रडली तरी सांगून निघ. सात-आठ महिन्यांनंतर रडणं वाढेलसुद्धा, त्या वयात आई नजरेआड गेली की बाळ कासावीस होतं, ते नॉर्मल आहे, पाळणाघर वाईट आहे असा त्याचा अर्थ लगेच काढू नको.

कंपनीतही विचार. २०१७ च्या मॅटर्निटी बेनिफिट दुरुस्तीपासून ५० किंवा जास्त लोक असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय द्यावी लागते आणि आईला दिवसातून ४ वेळा बाळाला भेटायला जाता येतं. एचआरला लेखी मेल टाक, तोंडी विचारलं की "बघू" एवढंच उत्तर येतं.

आणि संध्याकाळ. घरी आल्यावर पहिली वीस मिनिटं कुकर नाही, फोन नाही, तिला घेऊन खाली बस. ती जे बघेल ते तूही बघ, ती "अं" म्हणाली तर तूही "अं, काय गं?" म्हण आणि मग थांब, तिला उत्तर द्यायला वेळ लागतो. तिच्या बाबाने आंघोळ किंवा झोपवणं यातलं एक काम कायमचं आपल्याकडे घ्यावं, मदत म्हणून अधूनमधून केलेलं चालणार नाही, रोजचं. नोकरी सोडायची की नाही ते तुम्ही दोघं ठरवा, पण अपराधीपणापोटी सोडू नको.

प्रश्न : माझं बाळ तीन महिन्यांचं आहे. रडलं की मी लगेच उचलते तर घरात सगळे ओरडतात, हाताची सवय लागेल, रडू दे थोडं, फुप्फुसं मोकळी होतात. — कोल्हापूर

उत्तर : उचलत जा. तीन महिन्यांच्या बाळाला हट्ट करता येत नाही, त्याला फक्त सांगता येतं आणि रडणं हेच त्याचं सांगणं. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी अमेरिकेत बाल्टिमोरमध्ये आया आणि बाळं वर्षभर बघितली, त्यात सुरुवातीच्या महिन्यांत ज्या आया पटकन धावल्या त्यांची बाळं वर्षाच्या शेवटाला कमी रडत होती. फुप्फुसांचं म्हणाल तर ती जन्मल्यावरच्या पहिल्या श्वासांतच उघडलेली असतात, पुढे मुद्दाम रडवायची काही गरज नाही. फक्त एक लक्षात ठेव, तुझाच जीव मेटाकुटीला आला, राग यायला लागला, तर बाळाला पाळण्यात सुरक्षित ठेवून पाच मिनिटं बाजूला जा नाहीतर दुसऱ्या कुणाच्या हातात दे. रागात बाळाला गदागदा हलवणं फार धोक्याचं असतं.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. नातू सव्वादोन वर्षांचा आहे. मोबाईलवर गाणी लावल्याशिवाय एक घास खात नाही. सूनबाईंना बोललं की त्यांना वाईट वाटतं, त्यांनाही ऑफिस असतं. मुलगा म्हणतो बाबा तुमच्या वेळी नव्हता म्हणून तुम्हाला तो वाईट दिसतो. नातू बोलतोही कमी, दहा-बारा शब्द. काय करावं? — एक आजोबा, सातारा

उत्तर : काका, आधी बोलण्याचं घेते कारण ते जास्त महत्त्वाचं आहे. सव्वादोन वर्षांचं मूल साधारणपणे दोन शब्द जोडून बोलायला लागलेलं असतं, "दूध दे", "बाबा गेला" असं. दहा-बाराच शब्द असतील तर थांबू नका, "आमचा हाही उशिरा बोलला होता" या भरवशावर तर अजिबात नको. पहिली कानांची तपासणी, कारण कमी ऐकू येणं घरात भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. हाक मारल्यावर बघतो का, हवं ते बोट दाखवून मागतो का, तुमच्या डोळ्यांत बघून हसतो का, हे बालरोगतज्ज्ञांना सांगा. जिल्हा रुग्णालयात लवकर निदान आणि उपचाराचं केंद्र असतं, डीईआयसी म्हणतात, अंगणवाडीतून किंवा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून तिथे पाठवतात. आणि मोबाईलमुळेच असं झालं असं घरात कुणी म्हणू नका, कारण तसं म्हटलं की सगळं सूनबाईंवर जातं आणि तपासणी राहून जाते.

आता घास. दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन अजिबात नको असं आपल्याकडची बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की २ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसात जास्तीत जास्त १ तास, त्याहून कमी तर उत्तमच. पण मला जेवणाच्या वेळचा मोबाईल वेगळ्याच कारणासाठी खटकतो. जेवण ही दिवसातली सगळ्यात जास्त बोलायची वेळ, घास पुढे येतो, मूल तोंड उघडतं किंवा फिरवतं, आपण काहीतरी म्हणतो, ते हसतं. मोबाईल समोर असला की मूल घासाकडे बघतच नाही, त्याचं तोंड आपोआप उघडतं, पोट भरलं तरी उघडतं, आणि भरवणारं माणूससुद्धा त्याच्या चेहऱ्याकडे बघायचं सोडून देतं.

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात एक प्रयोग केला. आई बाळाशी छान खेळत असते, मग तिला सांगतात की दोन-तीन मिनिटं चेहरा अगदी निर्विकार ठेव, बाळाकडे बघ पण काहीच उत्तर देऊ नकोस. काही महिन्यांचं बाळ, पण त्याला लगेच कळतं. ते हसून बघतं, हात पुढे करतं, आवाज काढतं, काहीच चालत नाही म्हटल्यावर मान वळवतं आणि रडायला लागतं. आई परत पहिल्यासारखी झाली की बाळही सावरतं, म्हणजे दोन-तीन मिनिटांनी कुणाचं नुकसान झालं नाही. पण आपण मोठी माणसं फोनमध्ये असताना आपले चेहरे कसे असतात ते आठवा, आणि त्या वेळी मूल किती वेळा बघून मान वळवतं तेही. हे एकट्या सूनबाईंना सांगायचं नाही, हे घरातल्या सगळ्यांना लागू आहे, मुलालाही.

तुम्ही घरी असता ना, मग दुपारचं एक जेवण तुम्ही घ्या. मांडीवर नाही, समोर खाली बसवा, छोट्या ताटलीत मऊ वरणभात, तूप, बाजूला गाजराचा शिजवलेला तुकडा, आणि त्याला हाताने खाऊ द्या. सांडेल, केसांना लागेल, लागू दे, खाली वर्तमानपत्र टाका. तुम्हीही तेच खा. एक घास काऊचा, एक चिऊचा, पण काऊच्या घासानंतर थांबा, पुढचं नाव त्याला सुचू दे, नुसतं "चि" म्हणाला तरी तुम्ही "हो, चिऊचा!" म्हणा. पहिले तीन-चार दिवस तो रडेल आणि कमी खाईल. निरोगी मूल उपाशी राहत नाही, पुढच्या जेवणाला भरून काढतं. वजन घटायला लागलं तर मात्र डॉक्टर. सूनबाईंना काही बोलू नका, त्या ऑफिसमधून आल्यावर फक्त सांगा, आज यानं एवढं एवढं खाल्लं आणि असं असं बोलला.

प्रश्न : मी मर्चंट नेव्हीत आहे. सात महिन्यांनी घरी आलो तर चौदा महिन्यांचा मुलगा मला बघून रडतो, बायकोला बिलगतो, मी घ्यायला गेलो की किंचाळतो. व्हिडिओ कॉलवर तर रोज हसायचा. नातेवाईकांसमोर फार लाज वाटते हो. — रत्नागिरी

उत्तर : लाज कसली त्यात. या वयात ओळखीचा माणूस आणि अनोळखी माणूस यातला फरक मुलाला पक्का कळलेला असतो, आणि तुमचा वास, उंची, आवाज, घरभर तुमचं चालणं हे सगळं त्याला नवीन आहे. कॉलवर हसायचा ते खोटं नव्हतं, छोट्या मुलांना स्क्रीन नको म्हणणारी अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटनासुद्धा घरच्या माणसांच्या व्हिडिओ कॉलला वेगळं काढते. पण कॉलमधल्या बाबाने कधी उचलून घेतलं नव्हतं ना.

पहिले काही दिवस घ्यायला जाऊच नका. त्याच्याजवळ जमिनीवर बसा, त्याच्याकडे टक लावून न बघता वाट्या एकावर एक ठेवा, भाजी निवडा, काहीही. तो येईल, हात लावून परत आईकडे पळेल, परत येईल. त्या पळण्यावर कुणी हसायचं नाही आणि "अरे बाबा आहे तुझा, जा की" म्हणून ढकलायचं तर नाहीच. आजी-आजोबांना, पाहुण्यांना हे आधीच सांगून ठेवा. मग हळूहळू एखादं काम तुमचं होऊ दे, संध्याकाळी कोंबड्या दाखवायला नेणं किंवा आंघोळीनंतर अंग पुसणं, आणि पुढच्या वेळी बोटीवरून कॉल कराल तेव्हा त्याच कामाच्या वेळी करा, म्हणजे बायको अंग पुसत असेल आणि तुम्ही तेच म्हणत असाल जे घरी असताना म्हणायचात. परत जाताना झोपेत असताना निघू नका, जागा असताना भेटून निघा.

प्रश्न : मी अंगणवाडी सेविका आहे. आमच्याकडची निम्मी वस्ती दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाते, पोरं सोबत. मोठ्यांसाठी हंगामी वसतिगृह असतं पण सहा वर्षांच्या आतल्यांना कोण ठेवणार. एप्रिलला परत येतात तेव्हा वजन उतरलेलं असतं आणि जी पोरगी जाताना गाणी म्हणायची ती गप्प बसते. आम्ही शिकवतो ते सगळं वाहून जातं असं वाटतं. या मुलांना आम्ही काय देऊ शकतो? — बीड जिल्हा

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. पहिलं हे सांगते की या प्रश्नाचं मोठं उत्तर तुमच्या हातात नाही. उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले, नवराबायको मिळून एक कोयता, पहाटे उसाच्या फडात जायचं, बाळ बांधावर किंवा कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, आठ वर्षांच्या बहिणीच्या ताब्यात, यात आईने बाळाशी गप्पा माराव्यात असं तिला सांगायला मला तरी तोंड नाही. फडाजवळ पाळणाघर, शिजवलेला आहार, मुलांवर लक्ष ठेवायला पगारी बाई, ही कारखान्यांची आणि सरकारची जबाबदारी आहे आणि ती मागत राहायला हवी. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात बोर्डी-कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हेच केलं होतं, १९४५ पासून. आदिवासी मुलं बालवाडीत येईनात तर बालवाडी त्यांच्या अंगणात नेली, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. तेव्हा कुरणात जाता आलं तर आज फडात जायला काय हरकत आहे?

पण तुमच्या हातातलंही थोडं नाहीये. जमैकात १९८० च्या दशकात किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांमधली १२९ खुरटलेली मुलं घेतली होती, ९ ते २४ महिन्यांची. त्यातल्या काहींच्या घरी आठवड्यातून एकदा तासभर एक कार्यकर्ती जायची, तुमच्यासारखीच, वस्तीतली, आरोग्य खात्यात काम करणारी. ती बाळाला शिकवायला जायची नाही, ती आईला बाळाशी खेळायला लावायची, घरातल्याच टाकाऊ वस्तूंची खेळणी करून. दोन वर्षं हे चाललं. २० वर्षांनी ती मुलं मोठी झाल्यावर बघितलं तर ज्यांच्या घरी कार्यकर्ती गेली होती त्यांची कमाई तशाच बाकीच्या मुलांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त होती. खेळणी तर केव्हाच मोडली असतील. आईची सवय बदलली होती, ती टिकली.

म्हणून जायच्या आधीचे दीड-दोन महिने आयांवर खर्च करा. नवचेतना या तीन वर्षांखालच्या बाळांसाठीच्या सरकारी उपक्रमाच्या गृहभेटी करताच, त्यातलं एक-दोनच निवडा, जे हात कामात असताना होईल. फडात बाळाला दूध पाजताना त्याच्याकडे बघून बोलायचं. रात्री भाकरी थापताना पोरीला कणकेचा गोळा द्यायचा आणि ती काय करते ते तिलाच विचारायचं. उसाच्या कांड्या मोजत, लहानमोठ्या लावत खेळता येतं. झोपताना रोज तेच एक गाणं, जे तुम्ही अंगणवाडीत म्हणता, म्हणजे कोपीतही तिला ओळखीचं काहीतरी असेल. आईला हे सांगताना करून दाखवा, तिचंच बाळ घेऊन, आणि मग तिला करू द्या आणि तिनं केलं की बाळ कसं बघतंय ते तिला दाखवा. त्या बायांना कुणीच कधी सांगितलेलं नसतं की त्यांच्या बोलण्याने बाळाचं काही होतं.

आठ वर्षांच्या बहिणीबद्दल मात्र माझं मत कडक आहे. तिला वसतिगृहात ठेवायला आईबापांना जितकं समजावता येईल तितकं समजवा. बाळाला सांभाळणारं माणूस मोठं हवं, तिचंही अजून वाढायचंच वय आहे. टोळी नेणाऱ्या मुकादमाशी बोलून टोळीतली एखादी वयस्क आजी कोपीवर मागे राहील का, चार घरांची पोरं ती बघेल का, हे जाण्याआधी ठरलं तर बरंच काही वाचतं. काही टोळ्या आपापसात असं करतात. पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या ॲपवर स्थलांतराची नोंद टाका आणि जमलं तर जिथे जाणार तिथल्या सेविकेला फोन करून मुलांची नावं सांगा, नुसत्या नोंदीवर विसंबू नका.

आणि एप्रिलमध्ये गप्प बसलेली ती पोरगी. तिला पहिल्याच दिवशी गोलात उभं करून गाणं म्हण म्हणू नका. आठवडाभर तिला तुमच्या जवळची जागा द्या, रोज दारात नावाने हाक, रोज तेच वेळापत्रक, पाणी वाटायचं किंवा चटया घालायचं काम. वजन-उंची लगेच घ्या, फार खाली असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा, अशक्त मूलही गप्प असतं. बाहुली, मातीची भांडी, चिपाडं तिच्यासमोर ठेवा, ही मुलं खेळात ऊसतोड खेळतात, मोळ्या बांधतात, ट्रॅक्टर भरतात. खेळू द्या, शेजारी बसा आणि विचारा, ही मोळी कुणाची, आता गाडी कुठे चालली. महिनाभर असं करूनही ती बोलली नाही, खेळली नाही, रात्री दचकून उठते असं आईने सांगितलं, तर आरोग्य पथकाची वाट बघू नका, पर्यवेक्षिकेला सोबत घेऊन तिला जिल्हा रुग्णालयात न्या. आणि तिच्याशी तिकडे कुणी काही वाईट वागलं का, हेही आईला एकटं गाठून, हळू, पण विचाराच. तसं काही निघालं तर १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन आहे, तिथे फोन करायला कुणाची परवानगी लागत नाही.